ना-वाटेचे दिवस

सकाळी सासऱ्याच्या, रुनारच्या, हातावरची पट्टी सोडताना मायलिसला ती रेघ दिसली. मनगटापासून निघून कोपराच्या दिशेनं गेलेली, लाल आणि बारीक. तळहात तर आदल्या दिवशीच पावासारखा फुगला होता. जाळी दुरुस्त करताना गंजका आकडा आत घुसला होता. रुनारनं जखमेवर डांबर फासलं होतं आणि दिवसभर काम चालू ठेवलं होतं.

"नुसतं ठणकतंय," तो आताही म्हणाला. पण अंगावर मेंढीचं कातडं असूनही त्याचे दात वाजत होते.

मायलिसनं सासूकडे पाहिलं. अल्फहिल्ड चुलीपासून उठून आली. तिनं नवऱ्याचा हात खिडकीच्या उजेडाकडे वळवला, फळीवरची शाईची पेन्सिल घेतली, जिभेला लावून ओली केली आणि रेघ जिथं संपत होती तिथं एक आडवी खूण केली.

"दुपारी बघू," ती म्हणाली.

"दुपारपर्यंत थांबायचं कशाला? विष चढतंय ते, आई. माझ्या काकाला असंच झालं होतं."

"मग काय करतेस? उडून जातेस?"

मायलिस खिडकीकडे वळली. बाहेर समुद्र दिसत होता, आणि तो समुद्रही नव्हता आणि जमीनही नव्हती. हिवाळाभर ज्या बर्फावरून घोड्याची गाडी जात होती, तो आता राखाडी, सच्छिद्र झाला होता. मधेमधे काळे डाग पडले होते. त्यावर चालावं तर पाय आत जाईल, आणि होडी घालावी तर ती पुढं सरकणार नाही. फिनलंडच्या त्या टोकाच्या बेटांवर ह्या दिवसांना माणसं वेगळा ऋतूच मानतात. उन्हाळा, हिवाळा, आणि हे ना-वाटेचे दिवस. वर्षातून दोनदा येतात, एकदा बर्फ धरताना आणि एकदा सुटताना. तेवढे दिवस प्रत्येक बेट आपापलं असतं. पीठ, मीठ, रॉकेल आधीच भरून ठेवायचं, आणि आजारी पडायचं नाही.

स्टेनहारूवर, म्हणजे त्यांच्या बेटावर, घर एकच होतं. मायलिसचा नवरा एवर्ट जानेवारीत ओबू शहराच्या गोदीत हिवाळ्यापुरता कामाला गेला होता, तो पाणी मोकळं झाल्यावरच येणार होता. टेलिफोनची तार मार्चमध्येच बर्फानं ओढून तोडली होती. नर्स होती ती चर्चच्या बेटावर, उत्तरेला. निरभ्र दिवशी तिथलं चर्चचं टोक इथून दिसायचं. आजही दिसत होतं. ते टोक दिसलं की मायलिस नजर वळवायची.

डिसेंबरात, बर्फ धरत असताना, तिची एल्ना आजारी पडली होती. पाच महिन्यांची. घशातून कुत्र्याच्या पिल्लासारखा खोकला यायचा आणि श्वास घेताना छातीची कातडी फासळ्यांमध्ये ओढली जायची. एवर्ट होडी काढायला निघाला होता. तेव्हा अल्फहिल्ड दारात उभी राहिली होती. "कुणी जाणार नाही," एवढंच म्हणाली होती. एवर्टनं आईकडे पाहिलं, आईचे डोळे पाहिले, आणि टोपी काढून खुंटीला लावली. दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता एल्ना गेली. मग थंडी वाढली. लहानशी पेटी होडीघरात ठेवून ते थांबले, आणि बर्फ पुरता धरल्यावर तिला घसरगाडीवरून चर्चच्या बेटावर नेलं. जिवंत पोरीला ज्या बर्फानं नेलं नाही, त्यानं मेलेलीला बिनतक्रार नेलं. गाडीमागून चालताना मायलिसच्या मनात हेच येत होतं, आणि तेव्हापासून दुसरं काही आलं नव्हतं. रविवारी अल्फहिल्ड टेबलापाशी प्रवचन वाचायची तेव्हा मायलिस भांडी घासायला उठायची. सासूशी ती कामापुरतं बोलायची. पाणी सुटलं की आपल्या आईकडे, मुख्य भूमीवर, कायमचं निघून जायचं तिनं ठरवलं होतं. एवर्टला अजून सांगितलं नव्हतं.

दुपारी रेघ खुणेच्या पुढं गेली होती.

"अजून बघू म्हणता?" मायलिसनं विचारलं.

"आत्ता उन्हानं वरचा थर दलदल झालाय," अल्फहिल्ड म्हणाली. "तीन पावलांत गळ्यापर्यंत जाशील."

"म्हणजे नाहीच."

"आत्ता नाही."

आवाज तोच होता, डिसेंबरातला. सपाट, फळीसारखा. मायलिस तिच्याकडे बघत राहिली. ह्या बाईनं माझ्या पोरीला नाही म्हटलं होतं. आता तिचा स्वतःचा माणूस पलंगावर तापानं फणफणतोय, चाळीस वर्षांचा संसार, आणि तरी नाही. ही बाई दगडाची आहे की काय? की आपल्याला काही कळलेलंच नाही? दुसरा विचार तिला आवडला नाही. तिनं तो बाजूला सारला.

"माझ्यावरून भांडू नका," रुनार पलंगावरून म्हणाला. "मी काही एवढ्यात जात नाही. ती नवी जाळी कोण वापरणार?"

दिवस मावळायच्या सुमाराला रेघ कोपर ओलांडून दंडावर चढली. मायलिसनं डोक्याला रुमाल बांधला, बूट चढवले आणि कुणाला न सांगता होडीघराकडे निघाली. एकटीनं का होईना, बर्फावरून ओढत न्यायची होडी ती बाहेर काढणार होती. दार ढकललं तर आत कंदील लागलेला. अल्फहिल्ड उलट्या होडीपाशी गुडघ्यांवर बसून तळाच्या लोखंडी पट्ट्यांना चरबी चोळत होती.

"पहाटे वरचा थर गोठेल," ती मान वर न करता म्हणाली. "दिसायला लागलं की निघायचं. ऊन चढायच्या आत मधल्या खडकापर्यंत पोचायला हवं. तू डावीकडून धरशील, मी उजवीकडून."

"मला वाटलं तुम्ही…"

"तुला काय वाटलं ते मला माहीत आहे. ती चरबीची वाटी इकडं दे."

पहाटे वारा नव्हता. अल्फहिल्डला ते आवडलं नाही; दक्षिणेचा वारा सुटण्याआधी असंच शांत असतं. रुनारला त्यांनी कातड्यांत गुंडाळून होडीत निजवलं. दोघींच्या गळ्यात दोरीला बांधलेल्या खिळ्यांच्या मुठी होत्या, पाण्यात पडलंच तर बर्फात रोवून वर यायला. कमरेला चामड्याचे पट्टे, पट्ट्यांतून होडीला दोर. नियम साधा होता. चालताना होडीची कड सोडायची नाही. पाय आत गेला तर पोट कडेवर टाकायचं.

"लग्नातसुद्धा तू मला इतकं जपून झाकलं नव्हतंस," रुनार बायकोला म्हणाला.

"लग्नात तू शुद्धीवर नव्हतास. आता बोलू नकोस, वारा पोटात जातो."

पहिला पल्ला बरा गेला. रात्रीच्या थंडीनं वरचा थर कडक झाला होता, आणि होडी सुसाट नाही तरी सरळ सरकत होती. अल्फहिल्ड लांब टोकदार काठी पुढं मारत चालली होती. एक घाव आणि काठी थांबली की पुढं. काठी खाली गेली की वळण. हिवाळ्यातल्या रस्त्याकडेनं एवर्टनं खुणेसाठी रोवलेल्या जुनिपर झुडपाच्या फांद्या अजून उभ्या होत्या. एल्नाला नेतानाचाच तो रस्ता. फांद्या उन्हानं तापतात म्हणून प्रत्येकीभोवती काळ्या पाण्याची वाटी झाली होती. अल्फहिल्ड त्यांच्यापासून दूर राहूनच चालत होती, आणि मायलिसला त्याचं बरं वाटलं.

सूर्य वर आला तसा आवाज बदलला. आधी पायाखाली करकर होती. आता खालून बारीक किणकिण यायला लागली, काचेच्या शेकडो नळ्या एकमेकींवर आपटाव्यात तशी. बर्फ उभ्या सुयांत सुटत होता. दिसायला हातभर जाड, पण सुया मोकळ्या झाल्या की त्यात जोर उरत नाही. मायलिसचा पाय एकदा गुडघ्यापर्यंत गेला, मग दुसऱ्यांदा मांडीपर्यंत. दोन्ही वेळा ती होडीवर आडवी पडली आणि पाय ओढून काढला. पाणी इतकं गार होतं की आधी भाजल्यासारखंच वाटलं.

"चाल," अल्फहिल्ड म्हणाली. "थांबलीस की बर्फ तुझं वजन मोजायला लागतो."

मधल्या खडकावर पोचल्या तेव्हा दोघींच्या तोंडाला फेस आला होता. खडक म्हणजे पाण्यातून वर आलेली व्हेल माशाची पाठ असावी तेवढाच. होडी त्यावर चढवून अल्फहिल्ड पुढचा बर्फ बघायला काठी घेऊन पलीकडे गेली. मायलिसनं मोज्यात गुंडाळलेली कॉफीची बाटली काढून रुनारच्या तोंडाला लावली. त्याचा चेहरा मेणासारखा झाला होता, डोळे मात्र फार चमकत होते.

"तुझा हात कुठं आहे माहीत आहे?" तो म्हणाला.

तिचा हात होडीच्या पुढच्या टोकावर, नाळेवर होता. जुन्या काळपट फळ्यांमध्ये तिथं एक नवी फळी होती, पिवळट, अजून राळेचा वास येणारी.

"मी बसवली ती. जानेवारीत."

"हो, पाहिलं होतं."

"का बसवली ते पाहिलं नाहीस." तो थांबला, श्वास घेतला. "नवा बर्फ करवतीसारखा असतो, पोरी. पातळ, पण करवत. पोर आजारी होतं त्या पहाटे तुझी सासू ही होडी घेऊन गेली होती. एकटी. तुम्ही दोघं बाळापाशी होतात. इथंपर्यंतसुद्धा पोचली नाही. बर्फानं फळी कापली, पाणी आत आलं. पाणी उपसत परत आली, कमरेपर्यंत भिजून. मला म्हणाली, एवर्ट निघाला तर पोरीबरोबर एवर्टही जाईल. मग जाऊन दारात उभी राहिली."

त्या सकाळी चुलीशेजारी ओले घागरे वाळत पडलेले मायलिसला आठवले. तेव्हा तिला वाटलं होतं, घरात मूल मरतंय आणि ही बाई कपडे धुते आहे.

"मी सांगितलं असं म्हणू नकोस," रुनार म्हणाला आणि डोळे मिटले.

अल्फहिल्ड परत आली ती घाईनं. तिनं चेहरा दक्षिणेकडे वळवला होता, आपल्या घराकडे, आणि त्याच्याही पलीकडे, जिथं उघडा समुद्र होता. मायलिसच्याही गालाला ते जाणवलं. वारा सुटला होता. उबदार, ओलसर, दक्षिणेचा.

"आता विसावा नाही," अल्फहिल्ड म्हणाली. "लाटा आत यायला लागल्या की हे सगळं सुटेल."

उरलेला पल्ला मायलिसला नंतर कधीच सलग आठवला नाही. ऊन बर्फावरून डोळ्यांत येत होतं. बर्फ आता राखाडीचा काळा झाला होता आणि पावलागणिक खाली बसत होता. त्या चालत कमी आणि होडीला लोंबकळत जास्त होत्या. मग एकदा तिला वाटलं आपल्याला घेरी येते आहे, कारण समोरचं क्षितिज हळूच वर गेलं आणि हळूच खाली आलं. घेरी नव्हती. लाट बर्फाखालून जात होती, आणि अख्खा बर्फ झोपलेल्या जनावराच्या पोटासारखा वरखाली होत होता. लांब कुठंतरी दार आपटल्यासारखा आवाज झाला. मग जवळ, आणखी जवळ. त्यांच्या पुढ्यात एक भेग उघडली, पाण्याची काळी पट्टी, बघता बघता गाडीवाटेएवढी झाली.

"होडी घाल आत," अल्फहिल्ड ओरडली, आणि त्याच क्षणी ती उभी होती तो तुकडा उलटला.

ती सरळ खाली गेली. होडीची कड तिच्या हातातून सुटली. कमरेचा दोर ताणला गेला, होडी उजवीकडे कलली, रुनार कडेवर घसरला. मायलिसनं डाव्या बाजूवर सगळं अंग टाकलं. पाण्यावर आधी काहीच नव्हतं, मग सासूचा रुमाल, मग चेहरा आला. ओठ निळे.

"दोर काप," अल्फहिल्ड म्हणाली. "होडी उलटेल. काप."

सुरी मायलिसच्या पट्ट्यात होती. पुढं आयुष्यभर तिला ह्याचं नवल वाटत राहिलं, की त्या क्षणी मनात काहीच नव्हतं, राग नव्हता, क्षमाही नव्हती. तिनं सुरीकडे हात नेला नाही. ती होडीत चढली, गुडघे डाव्या कडेला घट्ट टेकवले, वाकून सासूच्या कमरेचा चामड्याचा पट्टा दोन्ही हातांनी पकडला आणि मागं पडली. होडीत पाणी आलं. रुनारनं चांगल्या हातानं बायकोची वेणी धरली आणि ओढली. तिघं एकमेकांवर कोसळली, ओल्या कातड्यांत, आणि होडी सरळ झाली.

"वेणी सोड," अल्फहिल्ड म्हणाली.

मायलिसनं आपला लोकरी कोट काढून तिला घातला आणि बर्फाच्या तुकड्यांमधून होडीतल्या लांब आकड्यानं होडी रेटायला लागली. आता चालायचा प्रश्नच नव्हता. पाणी आणि बर्फ अर्धे अर्धे झाले होते. तुकडा दिसला की आकडा रोवायचा, ओढायचं, पुढचा तुकडा शोधायचा. तळव्यांची सालं निघाली. चर्चच्या बेटावरची घरं दिसायला लागली, मग घरांपुढची माणसं. कुणीतरी हात हलवत होतं. दोन माणसं एक होडी पाण्यात ढकलत होती.

"मला का नाही सांगितलंत?" मायलिसनं पाठ न वळवता विचारलं. "नवी फळी. त्या पहाटेचं."

मागून अल्फहिल्ड बोलली, दात वाजत असल्यामुळे तुटक तुटक. "त्यानं सांगितलं का? चहाडखोर. सांगून पोर परत येणार होती?"

"चार महिने मी तुमचं तोंड बघत नव्हते."

"कुणावर तरी राग काढायला हवाच होता तुला. म्हटलं, देवावर काढण्यापेक्षा माझ्यावर बरा. मी समोर तरी असते."

"त्याच्यावरही होता," मायलिस म्हणाली.

"माझाही," अल्फहिल्ड म्हणाली. "हा तुकडा नको, तो पोकळ आहे. पलीकडचा धर."

किनाऱ्यावरच्या माणसांनी दोर फेकला.

नर्स टेक्लानं रुनारचा हात पाहिला तेव्हा रेघ काखेपाशी होती. तिनं कुणाला उगाच धीर दिला नाही. पेनिसिलिनचं इंजेक्शन दिलं, तळहात चिरून घाण काढली आणि म्हणाली, "आता त्याचं शरीर काय करतं ते बघायचं." पुढचे दिवस तिघं तिच्याच घरच्या मागच्या खोलीत राहिली. रुनार बरळायचा. कधी जाळी ओढायचा, कधी मेलेल्या भावाशी भांडायचा. अल्फहिल्ड पलंगाशेजारी बसून असायची, हातात विणकाम, आणि एकही टाका पुढं जात नसे. तिलाही ताप आला होता, पण तिनं तो कुणाला मोजू दिला नाही.

मायलिसला काही काम नव्हतं. घरी जायचं तर वाट नव्हती, आता तर पहिल्याहूनही नव्हती. ती धक्क्यावर जाऊन उभी राहायची आणि बर्फ जाताना बघायची. आयुष्यात पहिल्यांदाच ती नुसती बघत होती. बर्फाचे तुकडे वाऱ्यानं किनाऱ्यावर चढायचे, एकमेकांवर रचले जायचे आणि दुपारच्या उन्हात आवाज करत कोसळायचे. मधल्या पाण्यात आयडर बदकं उतरली होती, शेकड्यांनी. नरांचा तो घुमणारा, कौतुक केल्यासारखा आवाज दिवसभर चालू असायचा. तिला ते सगळं सुंदर दिसत होतं आणि त्याचाच राग येत होता. हे सगळं वेळेवर होतं, दर वर्षी होतं, माणसाचं काय झालं ह्याची चौकशीही न करता.

तिसऱ्या का चौथ्या दिवशी ती कबरस्तानात गेली. चर्चच्या दक्षिणेच्या भिंतीपाशी जमीन उघडी पडली होती, निळी फुलं आली होती. एल्नाची कबर उत्तरेला होती, सावलीत. तिथं अजून बर्फच होता, वर पाइन झाडाच्या काड्या पडलेल्या, मळकट. मायलिसनं गुडघ्यांवर बसून तो हातानं उकरला. सोललेल्या तळव्यांना झोंबत होतं. खाली माती लागली. तीही गोठलेली होती, पण वरचा बोटभर थर मऊ झाला होता, आणि तिनं त्यात बोटं खुपसली. रडू आलं नाही. डिसेंबरात हीच माती कुदळीला दाद देत नव्हती, लोकांनी आधी वर जाळ करून ती विरघळवली होती, हे तिला आठवलं. आता ती कुणी काही न करता मऊ होत होती. सावलीतसुद्धा. ती तिथं बराच वेळ तशीच बसली, बोटं मातीत ठेवून.

ती परतली तेव्हा टेक्ला पायरीवर बसून बटाटे सोलत होती.

"ताप उतरला," टेक्ला म्हणाली. "मासे मागतोय. दोन बोटं वाकणार नाहीत पुढं, पण जगेल."

मायलिस तिच्याशेजारी बसली. तिनंही एक सुरी उचलली.

"डिसेंबरात तुमच्या बेटावरचा धूर दिसायचा," टेक्ला थोड्या वेळानं म्हणाली. "ना-वाटेच्या रविवारी आम्ही इथं बाहेरच्या बेटांसाठी प्रार्थना करतो. एकेका बेटाचं नाव घेऊन. तुमचंही घेतलं होतं. बाळ आजारी आहे हे कुणाला ठाऊक नव्हतं."

"काय उपयोग झाला?"

टेक्लानं बटाटा पाण्यात टाकला. "नाही झाला," ती म्हणाली. "मी ते विसरत नाही. माझ्याकडे औषध होतं आणि मी इथं गुडघे टेकून बसले होते."

मायलिसला इतके दिवस सगळ्यांनी समजावलं होतं. देवाची इच्छा, देवाघरचं फूल, वेळ हेच औषध. 'उपयोग नाही झाला' असं कुणी म्हटलं नव्हतं. तिला एकदम मोकळा श्वास घेता आला.

रविवारी ती चर्चमध्ये गेली. कुणी बोलावलं नव्हतं. अल्फहिल्ड आधीच मागच्या बाकावर बसली होती, उसन्या शालीत. मायलिस तिच्याशेजारी बसली. म्हातारे पाद्री बेटांची नावं घ्यायला लागले. बाहेरच्या काही बेटांभोवती बर्फ अजून अडकलेला होता. "ज्यांच्या पायाखाली ना पाणी ना बर्फ, त्यांच्यापाशी तू राहा," प्रत्येक नावानंतर लोक म्हणत होते. सांभाळ म्हणत नव्हते, वाचव म्हणत नव्हते. राहा. हे शब्द मायलिसनं लग्नानंतर अनेकदा ऐकले होते, पण नीट आज ऐकले. तिला त्या होडीतला काळा क्षण आठवला, पाण्यावर काहीच नव्हतं तो. मग तिनं तोंड उघडलं. पुढचं बेट तिच्या ओळखीचं नव्हतं, तिथं कोण राहतं हेही माहीत नव्हतं. त्यांच्यासाठी ती म्हणाली. शेजारी अल्फहिल्डचा आवाज किंचित अडखळला आणि पुन्हा चालू झाला.

पाणी मोकळं झालं त्या आठवड्यात एवर्ट पहिल्या बोटीनं आला, घाबराघुबरा, कारण त्याला सगळं वाटेत कळलं होतं. मायलिसनं त्याला धक्क्याच्या टोकाला नेऊन सगळं सांगितलं. आपण जायचं ठरवलं होतं हेही सांगितलं.

"आणि आता?" त्यानं विचारलं.

"आता उन्हाळा आहे," ती म्हणाली. "उन्हाळ्यात बटाटे लावायचे असतात. पुढचं मला माहीत नाही."

अल्फहिल्डला हे सगळं अंदाजानं ठाऊक असावं. स्टेनहारूला परतल्यावर ती एकदाच म्हणाली, "जायचं असेल तर पाणी मोकळं असताना जा, पोरी. मी दारात उभी राहणार नाही." मायलिस आईकडे गेली, दोन आठवडे राहिली, आणि कोंबड्यांची पिल्लं घेऊन परत आली. रुनारनं पिल्लांना आपल्या न वाकणाऱ्या बोटांवर उभं राहायला शिकवलं.

पुढच्या डिसेंबरात पुन्हा ते दिवस आले. मायलिसला वाटलं होतं आपण आता घाबरणार नाही. ती घाबरली. रात्री दोनदा उठून तिनं पाण्याचा अंदाज घेतला, पीठ आहे का पाहिलं, टेक्लानं दिलेलं औषध कपाटात जागेवर आहे का पाहिलं. रविवारी प्रवचन तिनं वाचलं, अल्फहिल्डचे डोळे अधू झाले होते म्हणून, आणि शेवटी बेटांची नावं घेतली, आपल्यापासून सुरुवात करून.

मग ती शाल घेऊन बाहेर आली. वारा पडला होता. खाडीवर सायीसारखा पातळ थर आला होता आणि त्यातून बारीक, लांबवर जाणारा आवाज येत होता, तार छेडल्यासारखा. सासू मागून येऊन उभी राहिली. पलीकडे चर्चच्या बेटावर धूर दिसत होता, सरळ वर जाणारा.

"धरतोय का?" अल्फहिल्डनं विचारलं.

मायलिसनं खाली वाकून एक खडा उचलला आणि लांब फेकला. तो बर्फावरून आवाज करत घरंगळत गेला आणि वरच राहिला.

"माणसाचं वजन नाही घेणार अजून," ती म्हणाली. "पण धरतोय."